हजार वर्षांवरून आठ वर्षांची संगत मोडायची का?

या वेळच्या पत्रांत शेवटच्या काळाचेच प्रश्न जास्त आलेत, म्हणून बाकीची पत्रं पुढच्या अंकासाठी ठेवली आणि ही चार एकत्र घेतली. नावं नेहमीसारखीच काढून टाकली आहेत.

प्रश्न : पाळकसाहेब, आमचा घरगुती बायबल स्टडीचा ग्रुप आहे, आठ वर्षं झाली, पाच कुटुंबं आहोत, एकमेकांच्या आजारपणात रात्र रात्र जागलोय आम्ही. मागच्या काही महिन्यांपासून प्रकटीकरणाचा, म्हणजे बायबलच्या शेवटच्या पुस्तकाचा, अभ्यास चालू केला आणि तिथून सगळं बिनसलं. एक भाऊ चार्ट घेऊन आले, आधी मंडळी (म्हणजे सगळे विश्वासणारे) ख्रिस्ताकडे आकाशात उचलली जाणार मग सात वर्षं मोठं संकट मग ख्रिस्ताचं हजार वर्षांचं राज्य. दुसरे भाऊ म्हणाले की हजार वर्षं ही चिन्हाची भाषा आहे, आत्ता मंडळीचा जो काळ चालू आहे तोच तो. झालं, पहिले भाऊ म्हणाले तुम्ही वचनच मानत नाही, दुसरे म्हणाले तुम्ही पेपर वाचून बायबल समजून घेता. आता पहिलं कुटुंब म्हणतं की अशा शिकवणीच्या माणसासोबत आम्ही प्रभुभोजन घेणार नाही. मला दोघांचंही ऐकताना पटतं हीच माझी अडचण आहे. यातली एक पाखंडी शिकवण आहे का? आणि मी कोणाच्या बाजूने राहायचं का सरळ ग्रुपच सोडू?

उत्तर : ताई, पत्र दोनदा वाचलं. भांडण हजार वर्षांचं आहे असं तुम्ही लिहिलंय, पण मला वाटतं ज्या क्षणी एकाने दुसऱ्याला "तुम्ही वचनच मानत नाही" म्हटलं त्या क्षणीच विषय बदलला. दोघंही वचन मानतात म्हणून तर इतकं तावातावाने बोलतायत, ज्याला काही पडलेलीच नाही तो प्रकटीकरणाच्या विसाव्या अध्यायासाठी कशाला रात्री जागत बसेल.

आधी पाखंडाचं सांगतो म्हणजे तुमचा जीव भांड्यात पडेल. नाही, दोन्हींपैकी एकही पाखंड नाही.

ख्रिस्ताच्या राज्याची "हजार वर्षं" असा उल्लेख सबंध बायबलमध्ये एकाच ठिकाणी येतो, प्रकटीकरण 20, दुसऱ्या वचनापासून सातव्यापर्यंत, प्रत्येक वचनात एकदा म्हणजे सहा वेळा. या सहा वचनांवर मोठमोठ्या विद्वानांची आयुष्यं गेलीत. जे म्हणतात की हे राज्य खरंखुरं आहे आणि ख्रिस्त आल्यानंतर सुरू होणार (त्यांना प्रीमिल म्हणतात) ते चौथ्या आणि पाचव्या वचनावर बोट ठेवतात, एकदा काही जण जिवंत झाले आणि मग बाकीचे मेलेले हजार वर्षांनी जिवंत झाले, दोन्हीकडे ग्रीक क्रियापद तेच आहे, मग एक आत्मिक आणि एक शारीरिक कसं काय म्हणता? मुद्दा जोरदार आहे, मला स्वतःला हाच पटतो. पण तुमचे दुसरे भाऊ, ज्यांना अमिल म्हणतात, ते काही हवेत बोलत नाहीयेत. ते मत्तय 12:29 दाखवतात, तिथे येशू स्वतः म्हणतो की बळकट माणसाला आधी बांधल्याशिवाय त्याचं घर लुटता येत नाही, आणि प्रकटीकरणात सैतानाला "बांधलं" तिथेही ग्रीकमध्ये तोच शब्द आहे, म्हणजे बांधणं येशूच्या सेवेतच सुरू झालं. शिवाय योहान 5:28-29 मध्ये कबरेतले सगळेच एका वेळी त्याची वाणी ऐकून बाहेर येतात, मध्ये हजार वर्षांचं अंतर दिसत नाही. याला माझ्याकडे उत्तर आहे का? आहे, पण ते ऐकून समोरच्याने गप्प बसावं इतकं भक्कम नाही, हे कबूल करायला हवं. तिसरे पोस्टमिलवाले, सुवार्तेने जग हळूहळू बदलत जाईल आणि त्या चांगल्या काळानंतर ख्रिस्त येईल असं मानणारे, तुमच्या ग्रुपमध्ये कोणी नाही असं दिसतंय. मोहरीचा दाणा आणि खमिराचा दाखला ही त्यांची आवडती वचनं, अमेरिकेतल्या जागृतीच्या काळातला प्रचारक जोनाथन एडवर्ड्स यांच्यातलाच, एवढं सांगून पुढे जातो.

आता चार्टवाल्या भावांबद्दल. संकटाच्या आधी मंडळी उचलली जाणार ही शिकवण आज ज्या व्यवस्थित रूपात मांडली जाते ते रूप 1830 च्या दशकात जॉन नेल्सन डार्बीने दिलं आणि 1909 ला स्कोफिल्डचं टिपांचं बायबल निघालं तेव्हापासून ती घरोघरी पोचली. नवीन आहे म्हणून खोटी असं मी म्हणत नाही हां, कधी लक्षात आलं आणि खरं आहे की नाही या दोन वेगळ्या गोष्टी. त्यांच्याकडेही वचनं आहेत, योहान 14:3 मध्ये "तुम्हाला माझ्याजवळ घेईन" आहे, 1 थेस्सलनी 5:9 मध्ये आपल्याला क्रोधासाठी नेमलेलं नाही असं आहे. मला मात्र 1 थेस्सलनी 4:17 ला अडायला होतं. तिथे प्रभूला "सामोरं" जाण्यासाठी जो ग्रीक शब्द आहे तोच प्रेषितांची कृत्ये 28:15 मध्ये आहे, रोमचे बंधू पौलाला सामोरे आले आणि त्याला घेऊन परत शहरातच गेले, म्हणून मला वाटतं की आपणही येणाऱ्या राजाला घ्यायला जाणार आणि त्याच्यासोबतच खाली येणार. पण हे माझं मत, माझ्या ओळखीतले अतिशय देवभीरू लोक याच्या उलट मानतात आणि मी त्यांच्यासोबत भाकर मोडतो.

इतिहासातलं एक सांगतोच, कारण त्या चार्टवाल्या भावांना बहुतेक हेच उपयोगी पडेल. दुसऱ्या शतकाच्या मध्यावर जस्टिन मार्टर या ख्रिस्ती लेखकाने एका यहुदी माणसाशी झालेला संवाद लिहून ठेवलाय. त्यात तो म्हणतो की यरुशलेमेत हजार वर्षांचं राज्य होणार असं मी आणि माझ्यासारखे बरेच जण मानतो, पण शुद्ध आणि भक्तिमान विश्वासाचे कित्येक खरे ख्रिस्ती लोक तसं मानत नाहीत. बघा, प्रेषित योहानाला जाऊन अजून शंभर वर्षंही झाली नव्हती आणि मतभेद तेव्हाही होता, तरी जस्टिन त्यांना खरे ख्रिस्ती म्हणतो. पण तिथेच, त्याच भागात तो पुढे काय म्हणतो ते जास्त महत्त्वाचं, की मेलेल्यांचं पुनरुत्थानच नाही असं जे म्हणतात त्यांना मात्र ख्रिस्ती समजू नका. म्हणजे हद्द कुठे घालायची ते त्याने एका दमात दोन्हीकडून दाखवलं. पौलही तेच करतो, हुमनाय आणि फिलेत "पुनरुत्थान होऊन गेलं" असं शिकवत होते त्यांना तो सोडत नाही (2 तीमथ्य 2:17-18), पण खाण्यापिण्याच्या आणि दिवस पाळण्याच्या वादात, रोमकरांस 14 मध्ये, तोच पौल म्हणतो की दुसऱ्याच्या चाकराचा न्याय करणारा तू कोण. म्हणून तुमच्या दोन्ही भावांना इतकंच विचारा : ख्रिस्त स्वतः, देहाने, उघडपणे परत येणार का? मेलेले उठणार का? तो जिवंतांचा आणि मेलेल्यांचा न्याय करणार का? त्याच्या राज्याला शेवट नाही ना? हे नायसियाच्या मतांगिकारात, म्हणजे विश्वासाच्या जुन्या कबुलीत, आहे, आपण सगळे म्हणतो, आणि त्यात हजार वर्षांचा क्रम कुठेच नाहीये. या चारही प्रश्नांना दोघंही हो म्हणत असतील (म्हणतीलच) तर प्रभुभोजनाला एकत्र न बसण्याचं कारण मला तरी सापडत नाही. ते मेज प्रभूचं आहे, "तो येईपर्यंत" त्याचं मरण जाहीर करा असं तिथे लिहिलंय, आणि कोणत्या क्रमाने येईल ते बरोबर सांगणाऱ्यांनीच जाहीर करा असं काही लिहिलेलं नाही.

ताई, तिसऱ्या शतकात इजिप्तमध्ये अर्सिनोए नावाच्या भागात तुमच्यासारखंच झालं होतं, उलट जास्तच वाईट, मंडळ्याच्या मंडळ्या फुटल्या होत्या. नेपोस नावाचा बिशप होता, त्याने हजार वर्षांचं राज्य शब्दशः घ्या असं पुस्तक लिहिलं होतं, तो वारला आणि त्याच्या मागे ते पुस्तक लोकांनी डोक्यावर घेतलं. अलेक्झांड्रियाचा बिशप दियोनिसियस याला ते मत अजिबात मान्य नव्हतं. त्याने घरबसल्या बहिष्काराचं पत्र पाठवलं असतं तरी चाललं असतं, पण तो तिकडे गेला, खेड्यापाड्यातले वडील आणि शिक्षक बोलावले आणि तीन दिवस सकाळपासून संध्याकाळपर्यंत त्यांच्यासोबत ते पुस्तक पानोपान वाचत बसला. हे सगळं त्याने स्वतः लिहिलेलं युसेबियसच्या मंडळीच्या इतिहासात सातव्या भागात आहे. तो लिहितो की अडचणीचे प्रश्न आम्ही टाळले नाहीत, आणि समोरच्याचं पटलं तर आपलं मत बदलायला लाजलो नाही. शेवटी तिथल्या गटाचा पुढारी कोराकियोन सगळ्यांसमोर म्हणाला की मला पटलं. आणि ज्या नेपोसला खोडायला दियोनिसियस गेला होता त्याच्याबद्दल तो काय लिहितो, तर त्याचा विश्वास, त्याची मेहनत, त्याचा शास्त्राचा अभ्यास आणि त्याने रचलेली गीतं ज्यांनी बंधुवर्गाला आजही आनंद मिळतो, यासाठी माझं त्याच्यावर प्रेम आहे. आता गंमत अशी की वादाच्या मुद्द्यावर मी नेपोसच्या बाजूचा! तरी वागायचं कसं हे मला दियोनिसियसकडून शिकावंसं वाटतं.

म्हणून ग्रुप सोडू नका आणि बाजूही निवडायची घाई नको, दोघांचं पटतं हा काही दोष नाही, कदाचित तुम्हीच दोघांचं नीट ऐकताय. एक करून बघा. पुढच्या बैठकीला चार्टवाल्या भावांनी अमिल मत मांडायचं आणि दुसऱ्या भावांनी चार्ट समजावून सांगायचा, आणि ज्याचं मत आहे त्याने "हो, मी हेच म्हणतो" असं म्हणेपर्यंत मांडायचं, खोडायचं नाही. मी हे एकदा करवून घेतलंय, पहिल्या अर्ध्या तासात दोन्हीकडे राग येतो, नंतर हसू येतं. त्यानंतर महिनाभर प्रकटीकरण बंद ठेवा, फिलिप्पैकरांचं पत्र घ्या.

आणि तरीही ते कुटुंब प्रभुभोजनाला बसलं नाही तर जबरदस्ती करू नका, दार उघडं ठेवा, आजारपणात जागायला पूर्वीसारखंच जा. मतभेदाच्या नावाखाली फुटणं फार सोपं असतं. अमेरिकेत 1936 साली काही प्रेस्बिटेरियन लोक उदारमतवादाविरुद्ध उभे राहून मोठ्या पंथातून बाहेर पडले, शास्त्राच्या अधिकारासाठी एवढी किंमत मोजली, आणि वर्षभरातच 1937 ला त्यांच्यातच पुन्हा फूट पडली, त्यात हजार वर्षांचा प्रश्न होता आणि दारू पूर्ण वर्ज्य करायची की नाही हा होता. ज्यांनी बायबलसाठी एकत्र घर सोडलं ते नव्या घरात एक वर्ष काढू शकले नाहीत, हे वाचून मला दर वेळी वाईट वाटतं.

प्रश्न : 666, म्हणजे प्रकटीकरणातल्या श्वापदाचा आकडा, म्हणजे अमुक नेता आहे असे मेसेज सारखे व्हॉट्सअ‍ॅपवर येतात, अक्षरांची बेरीज करून दाखवतात. खरं मानावं का?

उत्तर : नाही. साधारण इसवी सन 180 च्या सुमारास आयरेनियसने हेच लिहून ठेवलंय. त्याने स्वतः दोन-तीन ग्रीक नावं बेरीज करून दाखवली, इव्हांथस, लातेइनोस, तेइतान, आणि मग म्हणाला की या आकड्यात बसणारी नावं ढिगाने सापडतात म्हणून अंदाज बांधण्यापेक्षा पूर्णतेची वाट बघणं सुरक्षित, आणि ते नाव आत्ताच उघड व्हायला हवं असतं तर ज्याने दर्शन बघितलं त्यानेच सांगितलं असतं. आयरेनियस हा योहानाला प्रत्यक्ष ओळखणाऱ्या पॉलिकार्पला लहानपणी ऐकलेला माणूस, त्याला धीर झाला नाही आणि आपल्या ग्रुपमधल्या काकांना झाला!

तारखांचंही तेच. ख्रिस्त कधी येणार ते सांगणाऱ्या विल्यम मिलर या अमेरिकन प्रचारकाच्या अनुयायांनी 22 ऑक्टोबर 1844 ची वाट बघितली, काहींनी शेतातली उभी पिकं सोडून दिली होती. हॅरोल्ड कॅम्पिंगने रेडिओवरून 21 मे 2011 सांगितलं, मग 21 ऑक्टोबर सांगितलं, आणि पुढच्या वर्षी तारीख सांगणं हे पाप होतं असं कबूल केलं, ते कबूल केलं याचं मला कौतुक आहे. मेसेज फॉरवर्ड करणाऱ्याशी भांडू नका, पण तुमच्याकडून पुढे जाऊ देऊ नका.

प्रश्न : मी आमच्या मंडळीत युथला शिकवते. आता मंडळीने विश्वासपत्रक काढलंय, शिकवणाऱ्या सगळ्यांनी सही करायची, त्यात संकटापूर्वी मंडळी उचलली जाईल असं कलम आहे. बाकी सगळं मला मान्य आहे, हे एक कलम मान्य नाही. सही केली नाही तर युथ सुटेल. मैत्रीण म्हणते करून टाक, कोण विचारतंय.

उत्तर : मैत्रिणीचं ऐकू नका. जे मानत नाही त्याच्याखाली सही करून मुलांना खरेपणा कसा शिकवणार? मंडळीच्या वडीलमंडळींकडे जा, लपवाछपवी न करता सांगा की या कलमाबद्दल माझी खात्री नाही, मी त्याच्या विरोधात वर्गात एक शब्द बोलणार नाही, हा विषय आला तर मुलांना तुमच्याकडे पाठवीन, एवढ्यावर चालेल का. बऱ्याच ठिकाणी चालतं. नाही चाललं तर राग धरू नका, शिकवणाऱ्यांनी काय शिकवावं हे ठरवायचा मंडळीला हक्क आहे, त्यासाठी तुम्हाला मंडळीच्या बाहेर काढत नाहीत तोवर. दोन्हीत मोठा फरक आहे आणि वडीलमंडळी कधीकधी तो विसरतात, म्हणून त्यांच्यासाठीही लिहितो : शिकवण्याची अट वेगळी आणि सभासदत्वाची अट वेगळी ठेवा. या कलमावर सही न करणाऱ्याला प्रभुभोजनापासून लांब ठेवायला लागलात तर तुम्ही देवाने घातलं नाही ते कुंपण घालताय.

आणि कलमं बदलूही शकतात. इव्हँजेलिकल फ्री चर्च ऑफ अमेरिका, 1950 साली दोन गट एकत्र येऊन झालेली, त्यांच्या विश्वासपत्रकात ख्रिस्ताचं येणं हजार वर्षांच्या आधी असं स्पष्ट होतं. 2019 ला त्यांनी बरीच वर्षं चर्चा करून मतदान घेतलं आणि तो शब्द काढून त्या जागी "गौरवी" घातला, त्यांच्यातले बहुतेक पाळक स्वतः प्रीमिल असताना. त्यांचं म्हणणं असं की देवाची निवड आणि माणसाची इच्छा, बाप्तिस्मा अशा मुद्द्यांवर आपण मोकळीक देतो, मग यावरच का अडवायचं. मला हे पटलं. काहींना हे घसरणं वाटेल, वाटू दे. ऑगस्टीनसारखा प्राचीन मंडळीतला मोठा माणूस देवाच्या नगरीवरच्या ग्रंथाच्या विसाव्या भागात सरळ लिहितो की मी स्वतः आधी हजार वर्षांच्या राज्याचं मत धरत होतो, आणि मग का सोडलं ते सांगतो. त्याने सोडलेलं मत मी धरून आहे, पण मत बदललं हे इतकं सहज लिहिता येणं मला अजून जमलेलं नाही. तरुणपणी मी एका वृद्ध बंधूला भर सभेत तुम्ही शास्त्र आत्मिक करून टाकता म्हणून सुनावलं होतं, ते काही न बोलता बसले, आणि सभा संपल्यावर माझ्यासाठी प्रार्थना करून गेले. माफी मागायला हवी होती, मागेपर्यंत ते प्रभूकडे गेले.

प्रश्न : आमचा मुलगा नऊ वर्षांचा आहे. एका शिबिरात त्याने ऐकलं की आईबाबा अचानक उचलले जातील आणि जे तयार नाहीत ते मागे राहतील. आता घरात आवाज आला नाही की घाबरून आम्हाला शोधतो, झोपेतून उठतो. काय करावं?

उत्तर : आधी हे की तो वेडेपणा करत नाहीये, त्याने ऐकलेलं खरं मानलं एवढंच. त्याला हसू नका आणि "असं काही नसतं" असंही म्हणू नका, कारण येशू येणार हे तर आपण मानतोच.

थेस्सलनीकाच्या लोकांना पौलाने ते का लिहिलं ते त्याला सांगा. त्यांची जवळची माणसं वारली होती आणि त्यांना वाटत होतं की येशू येईल तेव्हा ही बिचारी मागे राहणार. पौल म्हणतो उलट, मेलेले पहिल्यांदा उठतील, मग आपण सगळे मिळून त्याला भेटू, आणि शेवटी लिहितो की या वचनांनी एकमेकांचं सांत्वन करा. मागे राहण्याच्या भीतीवर औषध म्हणून दिलेला भाग आपण त्या पोराला भीती घालायला वापरला. चौथा अध्याय त्याच्याजवळ बसून वाचा, तेराव्या वचनापासून, दहा मिनिटं लागतात. त्याचं येशूवर प्रेम असेल तर त्याला सांगा की तुला विसरून जायला येशू काही तुझ्या आईबाबांसारखा घाईत नसतो.

शिबिर घेणाऱ्यांशी बोला, पण मुलाच्या समोर नको. काही दिवस त्याच्या खोलीचं दार उघडं ठेवून झोपा. आणि घराबाहेर पडताना, अगदी खाली जिन्यापर्यंत जायचं असलं तरी, त्याला सांगून जा कुठे चाललात आणि किती वाजता येताय, आणि त्या वेळेला या.